बेस बॉक्स बनवायचेत: पोर्टवाला, स्कूप की टॅप्ड हॉर्न?

नागपूरच्या लकडगंजात प्लाय बघायला जाण्याआधी टेप घ्या आणि छोट्या हत्तीचा हौदा मोजा. लांबी साधारण सात फूट, रुंदी पाच फुटांच्या जरा आत. त्यात दोन टॉप (बेसच्या वरचे सूर वाजवणारे बॉक्स), मशीनचा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा रॅक, मिक्सर, स्टँड आणि केबलच्या पेट्या जाणार. उरलेल्या जागेत बेस. कार्यक्रम उमरेडचा असो की काटोलचा, दहाला आवाज बंद झाल्यावर मंडपवाले आवरायला लागतात आणि माल चढवायला आपण दोघंच उरतो. म्हणून मी बेस बॉक्सची निवड उचलण्यापासून सुरू करतो, आवाजाचा विचार त्यानंतर.

माझा कौल आधीच देतो. नागपूर धरून आजूबाजूच्या तालुक्यांत लग्न, ऑर्केस्ट्रा, भीमगीतं, भजनसंध्या असं मिळेल ते काम करणाऱ्याने एक-एक अठरा इंची स्पीकरचे चार पोर्टवाले बॉक्स बनवावेत.

पोर्ट म्हणजे बॉक्सला ठेवलेली उघडी नळी. पोर्टवाल्या बॉक्समध्ये आतली हवा आणि पोर्टमधली हवा एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला मिळून डोलते. त्या ठिकाणी बराचसा आवाज पोर्ट देतो, कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, मात्र जेमतेम हलतो. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा सूर 41 हर्ट्झचा आहे. बॉक्स 38 हर्ट्झच्या आसपास ट्यून केला की ऑर्केस्ट्राचं सगळं काम त्यात बसतं. त्याच्या खाली गेलं की कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो मोकाट धावतो, म्हणून प्रोसेसरमध्ये 33-34 हर्ट्झला हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) लावायचाच. या बॉक्सचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970च्या दशकात पुढे नेलं. स्पीकरच्या माहितीपत्रकावर छापलेले आकडे तेच. ते विनआयएसडी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकले की बॉक्स किती लिटरचा आणि पोर्ट किती लांब हे समोर येतं. ऐन हंगामात स्पीकर जळाला आणि तोच मिळाला नाही, तर दुसऱ्या कंपनीचा बसवून पोर्टची लांबी बदलून भागवता येतं. बाकी दोन्ही प्रकारांत ही सोय नाही.

बाहेरून 60 सेंटीमीटर रुंद, 55 उंच आणि 75 खोल असा बॉक्स केला, तर पोर्ट आणि आडव्या पट्ट्या वजा जाता आत पावणेदोनशे लिटर उरतात. स्पीकरसकट वजन पन्नास किलोच्या आत-बाहेर. दोघांनी न बोलता उचलावा असा. दोन-दोन स्पीकरचा एकच मोठा बॉक्स लाकूड वाचवतो, पण तो नव्वदच्या घरात जातो आणि छोट्या हॉलमध्ये अर्धा नेता येत नाही. चार सुटे असले की घरगुती कार्यक्रमाला दोन न्या, कस्तुरचंद पार्कसारख्या मोकळ्या मैदानात चारही. एकमेकांना चिकटवून ठेवले तर बॉक्स दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने वाढतो: 3 जादा ताकदीचे, 3 एकत्र ठेवण्याचे. मी चारही स्टेजसमोर मधोमध ठेवतो. डावी-उजवीकडे विभागले की मधल्या पट्ट्यात बेस दाटतो आणि बाजूच्या खुर्च्यांत जागोजागी गायब होतो.

स्कूपमध्ये कोनच्या मागचा आवाज हॉर्नमधून, म्हणजे रुंद होत जाणाऱ्या वळणाच्या बोगद्यातून, बाहेर येतो. त्याचं आकर्षण मला कळतं. चांगले आठ स्कूप रचून लागले की छातीत धडका बसतात, आणि तेवढ्याच मशीनमध्ये आवाज जास्त निघतो, त्यामुळे जनरेटरवरही भार कमी. पण हॉर्नचं तोंड लहान पडलं की खालचे सूर निसटतात. 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटरहून लांब असते. एका स्कूपचं तोंड तिला पुरत नाही, म्हणून ते कळपातच वाजतात. दोनच ठेवले तर मधला बेस खूप आणि खालचा नाही असं होतं. शिवाय कोनची पुढची बाजू थेट ऐकू येते आणि मागची वळणावळणाने उशिरा पोहोचते, त्यामुळे किक ड्रमची कड बोथट होते. ढोलकीवर चालणाऱ्या गाण्यात मला हे खटकतं. वजन ऐंशी किलोच्या घरात. ज्यांच्याकडे मोठी गाडी, सहा पोरं आणि मोकळ्या मैदानाचीच कामं आहेत त्यांनी जरूर बनवावेत, पण चारपेक्षा कमी नकोत.

टॅप्ड हॉर्न तिसरा. यात कोनच्या दोन्ही बाजू एकाच हॉर्नमध्ये सोडलेल्या असतात, आणि आकाराच्या मानाने खालचा बेस जबरदस्त येतो. पण वर शंभर हर्ट्झच्या पुढे त्याचा आवाज उंच-सखल होतो, म्हणून टॉप तितके खाली उतरणारे हवेत. नकाशा ज्या स्पीकरसाठी काढला तोच स्पीकर लागतो. आतली तिरकी फळी अर्धा सेंटीमीटर हलली की गणित हललं. मिस्त्री नवा असेल तर पहिल्या कामाला हा घेऊ नका.

आता प्लाय, कारण खरा पैसा इथे वाया जातो. एमडीएफ नकोच: जड, स्क्रू धरत नाही, आणि कोपऱ्याला पाणी लागलं की फुगतो. बर्च प्लाय सर्वांत उत्तम. 18 मिलिमीटरमध्ये 13 थर, आत पोकळी जवळपास नाही. तो परवडत नसेल तर आयएस 710चा मरीन प्लाय घ्या. आयएस 303चा कमर्शियल प्लाय फक्त घरात ठेवायच्या बॉक्सला. 18 मिलिमीटरची आठ बाय चारची शीट साधारण 35 किलोची असते, हातात घेऊनच वजनाचा अंदाज घ्या. माझ्या पहिल्या जोडीला एका दुकानातून मरीन म्हणून दिलेला प्लाय आला. कापल्यावर मधल्या थरात बोट जाईल एवढी फट दिसली, तरी मी वापरला. दुसऱ्या पावसाळ्यात खालचा कोपरा पानासारखा सुटला, आणि त्याआधीच 60 हर्ट्झच्या आसपास एक बारीक खरखर सुरू झाली होती. ती स्पीकरची समजून मी चांगला स्पीकर उघडला. तेव्हापासून शीटच्या चारही कडा बघतो आणि मधून बोटांनी ठोकत जातो. आवाज अचानक पोकळ आला की ती शीट परत. चार बॉक्सना वाया जाणारं धरून पाच शीट लागतात.

नागपूरच्या मे महिन्याचाही हिशेब धरा. कॉइलचं, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचं, तांबं वीज दर अंशाला सुमारे 0.4 टक्के जास्त अडवतं. कॉइल 150 अंशांनी तापली की त्याच व्होल्टेजला आवाज सुमारे 4 डेसिबल पडतो, ऑपरेटर फेडर वर ढकलतो, कॉइल आणखी तापते. बाहेर 45 असताना तर सुरुवातच वरून होते. तोच भार दोनऐवजी चार कॉइलवर वाटला गेला की हे चक्र लांबतं, हेही चार बॉक्स सुचवण्याचं एक कारण.

बॉक्स तयार झाला की रंगाआधी तपासा. 30 ते 120 हर्ट्झचा सूर हळूहळू वर नेत एका हाताचा तळवा बाजूच्या फळीवर ठेवा. जिथे हाताला मुंग्या येतील तिथे आतून एक आडवी पट्टी कमी आहे. मग 50 हर्ट्झवर थांबवून पेटवलेली अगरबत्ती प्रत्येक सांध्यावरून आणि स्पीकरच्या कडेवरून फिरवा. पोर्ट सोडून कुठेही धूर थरथरला, तर तिथे पेन्सिलने खूण करा आणि आतून गोंद भरा.