स्पीड ९५ वर अडकला: कनेक्टर बदलावा की केबल?

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण लॅन केबलवर (राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर) स्पीड ९४-९५ च्या पुढे जात नाही? मग लिंक, म्हणजे केबलच्या दोन टोकांमधली जोडणी, १०० एमबीपीएसवर अडकली आहे. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात; म्हणून उरलेल्या दोन जोड्यांतली तार तुटली तरी नेट चालतं आणि दोष लपून राहतो. राउटरचा पोर्ट गिगाबिट आहे ना, हे आधी बघा.

केबल भिंतीतून गेली असेल तर कनेक्टरच (टोकाचा प्लग) बदला. दोन्ही टोकं कापून टी-५६८बी क्रमाने (तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम) तारा लावा. जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका. ४, ५, ७, ८ क्रमांकाच्या तारांपैकी एक जरी टोकापर्यंत पोचली नाही, तर पुन्हा १००च.

तार खरवडल्यावर आतून पांढरी दिसली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघालं, तर क्रिंपिंगच्या (कनेक्टर दाबून बसवण्याच्या) भानगडीत पडूच नका. शुद्ध तांब्याची कॅट-६ प्रकारची नवी केबल टाका.