आयसोफिक्स की सीटबेल्ट: चाइल्ड सीट कशाने बसवावी?

नीट बसवली तर दोन्ही पद्धती सुरक्षित आहेत. फरक पडतो तो चुका होण्यात.

आयसोफिक्समध्ये चाइल्ड सीटचे दोन हूक गाडीच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीतल्या लोखंडी कड्यांत ‘खट्’ आवाज करत अडकतात आणि खूण हिरवी होते. एवढ्यावर काम संपत नाही. सीट पुढे झुकू नये म्हणून वरचा पट्टा किंवा गाडीच्या तळाला टेकणारा आधाराचा पाय लागतोच. वरचा पट्टा सामानाच्या हुकाला अडकवणं ही नेहमीची चूक. तो हूक धक्क्यात तुटू शकतो. आधाराच्या पायाखाली गाडीच्या तळात पोकळ कप्पा असेल तर ती जागा टाळा. मूल आणि सीट मिळून वजनाची मर्यादाही पुस्तिकेत पाहा.

सीटबेल्ट जवळपास प्रत्येक गाडीत चालतो, पण चुकायला वाव जास्त. सीटवर गुडघा दाबून बेल्ट ओढा, पीळ काढा, ठरलेल्या खाचेतूनच घ्या. मग बेल्टपाशी धरून हलवा: अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा.

सतत गाडी बदलणार असाल तर बेल्टची. एकाच गाडीत राहणार असेल तर आयसोफिक्स. मागे तोंड असलेली सीट मात्र चालू एअरबॅगसमोर कधीच नको.