सुती शिंकी, काथ्या आणि ग्रो बॅग: अकरा महिन्यांनंतर काय टिकलं आणि काय नाही

गेल्या मे महिन्यात एकाच आठवड्यात मी दोन गोष्टी घरी आणल्या. पाच किलोची कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, वीट आणि चार मिलिमीटर जाडीच्या सुती दोरीचं एक किलोचं बंडल. झाडं लावायची आणि ती ठेवायला जागा नाही म्हणून शिंकी स्वतः विणायची, असा बेत. आता एप्रिल आहे. मधे पुण्याचा पूर्ण पावसाळा गेला, ऑक्टोबरचा उन्हाचा तडाखा गेला, थंडी गेली. रोज सकाळची अर्धा-पाऊण तास मी याला देते आणि आता हा वेळ मला कुणाला द्यावासा वाटत नाही. काय घ्यावं, काय घेऊ नये, हे मला सुरुवातीला कुणी नीट सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जागेची कल्पना देते. तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, दहा फूट लांब आणि चार फूट रुंद. साडेअकराला ऊन जातं. म्हणजे पालेभाज्या, पुदिना, गवती चहा, मिरची एवढ्याला पुरेसं, टोमॅटोला जेमतेम. गॅलरीची दिशा न बघता रोपं घेऊ नका. मी उत्साहात गुलाबाची तीन कलमं आणली होती. त्यातली दोन मैत्रिणीच्या गच्चीवर पाठवली, तिथे ती छान बहरली आहेत.

शिंक्यांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. हल्ली याला मॅक्रमे म्हणतात, मीही व्हिडिओ बघूनच शिकले. पाच-पाच मीटरच्या चार दोऱ्या कापायच्या, मधोमध दुमडून कडीत ओवायच्या, की आठ पदर होतात. दोन-दोन पदरांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला गाठी, मग शेजारच्या जोडीतला एकेक पदर घेऊन जाळी, आणि बुडाशी सगळे पदर एकत्र बांधायचे. एक किलोत अशी पाच शिंकी झाली. गाठींच्या भागाला दोरी चौपट लागते, हे पहिल्या शिंक्यात कळलं, कारण पदर अर्ध्यावरच संपले.

ती पाच शिंकी दिसायला फार सुंदर होती. जून कोरडा गेला तोवर काही प्रश्न नव्हता. जुलैत झड लागली आणि दोऱ्या आठ-आठ दिवस वाळेनात. आधी पिवळट झाल्या, मग बुडाच्या गाठीवर काळे ठिपके आले. मला वाटलं, नुसती बुरशी आहे, पुसून टाकू. ऑगस्टमध्ये एका रात्री धप्पकन आवाज झाला. पुदिन्याची कुंडी खाली, माती सगळ्या गॅलरीभर, आणि वर हुकाला आठ पदर लोंबकळत. शिंकं कठड्याच्या आत टांगलेलं होतं म्हणून नुसत्या कुंडीवर निभावलं. कठड्याबाहेर काहीही टांगू नका. दोरी कितीही मजबूत असली तरी नको, खाली माणसं चालतात.

सकाळी मी ते शिंकं हातात घेऊन बघत बसले. वरचे पदर चांगले होते. तुटलं होतं नेमकं बुडाच्या गाठीपाशी, जिथे कुंडीच्या भोकातलं पाणी थेंबथेंब गळून साचायचं. तिथला सूत बोटांनी चुरला तर ओल्या कागदासारखा सुटा होत होता. मग लटकवायच्या काट्यावर शेजारची आठ इंची कुंडी तोलली. सुकी असताना सव्वातीन किलो, पाणी घातल्यावर साडेचार. म्हणजे सगळ्यात जास्त वजन आणि सगळ्यात जास्त ओल एकाच गाठीवर येत होती.

सासूबाई फलटणकडच्या. त्यांनी चष्मा लावून ते शिंकं उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, बुडाला गाठ कशाला मारलीस? शिंक्याला खाली चुंबळ पाहिजे. भांडं चुंबळीवर बसतं, गाठीवर नाही."

"आई, चुंबळ सुताची केली तर तीही कुजेल ना?"

"सुताची कशाला? काथ्या आण."

मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन काथ्याची दोरी आणली. मग आम्ही दोघींनी मिळून केलं ते असं. काथ्या तासभर पाण्यात भिजवायचा, नाहीतर तो हाताला ओरबाडतो आणि पीळ धरत नाही. भिजला की कुंडीच्या बुडापेक्षा थोडं लहान वेटोळं करायचं, तीन फेरे, आणि त्यावरून आडवा पीळ घालत जायचं. ही चुंबळ. शिंक्याचे चारही जोड या चुंबळीला चार बाजूंनी बांधायचे. पाणी मधल्या मोकळ्या जागेतून सरळ खाली जातं, गाठीवर साचत नाही, आणि वजन चार ठिकाणी वाटलं जातं. तुटलेल्या शिंक्याचे कुजलेले पदर कापून मी तेच शिंकं या पद्धतीने पुन्हा उभं केलं. ते आजही टांगलेलं आहे, वीतभर आखूड झालंय एवढंच.

काथ्या आणि कोकोपीट दोन्ही नारळाच्या सोडणातूनच येतात. सोडणातला धागा म्हणजे काथ्या, आणि धागा काढल्यावर उरतो तो भुसा म्हणजे कोकोपीट. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरपूर असतं, म्हणून तो पाण्यात लवकर कुजत नाही. होड्या बांधायला, विहिरीवर पाणी शेंदायला तो चालत आला तो यामुळेच. माझ्या गॅलरीत आता कुंडीच्या आतही नारळ आहे आणि बाहेरही.

इतर दोऱ्यांचा अनुभव थोडक्यात. सुतळी पावसाळ्यात सुतीच्याही आधी गेली, ती घरातल्या कोरड्या कोपऱ्यासाठीच ठेवा. नायलॉन कुजत नाही, पण गाठ घसरते, शेवटी टोक जाळून घ्यावं लागतं. बाजारातली स्वस्त निळी प्लॅस्टिकची दोरी उन्हाने सहा महिन्यांत तुसं सोडू लागली, ती तुसं मातीत पडतात, म्हणून मी काढून टाकली. घायपाताची दोरी आठवडी बाजारात मिळाली, पोळ्याच्या सुमारास कासरे-म्होरक्यांबरोबर असते ती. ती घट्ट आणि देखणी आहे, ओल मात्र काथ्याइतकी सोसत नाही. गावोगावी पिढ्यान्पिढ्या दोर वळणाऱ्या मातंग कारागिरांच्या हातचा पीळ बघितला की यंत्रावरची दोरी किती सैल असते ते समजतं. जिथे हातवळणीची दोरी मिळेल तिथे तीच घ्या आणि घासाघीस करू नका.

आता ग्रो बॅग, म्हणजे कुंडीऐवजी माती भरून रोपं लावायची पिशवी. मी ऑनलाइन सहा घेतल्या, बारा बाय बारा इंची, विणलेल्या प्लॅस्टिकच्या. वर्णनात 'यूव्ही ट्रीटेड', म्हणजे उन्हाला टिकणारी, असं ठळक लिहिलं होतं. ऑक्टोबर संपता संपता दोन बॅगांची शिवण उसवली. कापड ठीक होतं, पण शिवणीचा दोरा उन्हाने पार मोडला होता. विक्रेत्याला फोटो पाठवले, परताव्याची मुदत संपली असं उत्तर आलं. मी दाभण आणि जाड नायलॉनचा दोरा घेऊन त्या शिवल्या, पण भरलेली बॅग शिवणं फार अवघड जातं, एका बाजूने माती सुटतच राहते. पुढच्या वेळी बॅग हातात घेऊन शिवण बघूनच घेणार: दुहेरी टीप हवी आणि दोरा कापडाच्याच जातीचा हवा. शिवाय भरलेली, पाणी घातलेली अशी एक बॅग पंधरा किलोच्या आसपास जाते. गॅलरीत सगळ्या एका ओळीत कठड्याला टेकवण्यापेक्षा भिंतीच्या बाजूने ठेवाव्यात आणि खाली विटा द्याव्यात, म्हणजे फरशीवर ओल धरत नाही.

कोकोपीटचं कौतुक खूप ऐकलं होतं. हलकं असतं, पाणी धरून ठेवतं, हे खरं आहे. पण त्यात अन्न जवळपास नसतं आणि स्वस्त विटेत मीठ असतं. पहिल्या वेळी मी नुसतं भिजवून वापरलं. महिन्याभरात वर पांढरी साय आली आणि मेथीची पानं कडेने जळाली. दुसरी वीट मी तीन पाण्यांतून धुतली, रात्रभर भिजवून सकाळी कापडात पिळून, असं तीनदा. मेथी चौथ्या दिवशी वर आली आणि सत्ताविसाव्या दिवशी मी पहिली जुडी खुडली. आता माझं मिश्रण ठरलेलं आहे: दोन भाग माती, दोन भाग घरचं खत किंवा शेणखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि बॅगेमागे मूठभर निंबोळी पेंड. आणखी एक गोष्ट, कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं तेव्हा आत चिंब असतं. बोट दोन पेरं आत घालून बघितल्याशिवाय पाणी घालू नका. माझी पहिली तीन मिरचीची रोपं पाणी जास्त होऊन गेली.

टोमॅटोची कहाणी अशी की फळं धरली आणि बुडाशी काळे खोलगट डाग पडू लागले. मी कीड समजून दोन वेळा फवारणी केली. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलो होतो, तिथे एका माळीकाकांना मोबाइलवर फोटो दाखवला. ते लगेच म्हणाले, "ताई, ही कीड नव्हे. पाणी एक दिवस भरपूर, एक दिवस नाही, असं चाललंय तुमचं." कॅल्शियम पाण्याबरोबर फळाच्या टोकापर्यंत जातं, पाण्यात चढउतार झाला की ते पोचत नाही. तेव्हापासून रोज सकाळी मापाने, एका बॅगेला एक लिटर. नवीन फळांवर डाग नाही. फळं मात्र लहानच राहतात, आमच्या गॅलरीतलं ऊन तेवढंच आहे.

हे सगळं मी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, पेशाने गणिताचे प्राध्यापक, त्यांनी प्रयोग परिवार उभा केला तो याच विश्वासावर, की साध्या माणसाने आपल्या जागेत प्रयोग करावा, मोजावं, लिहावं आणि दुसऱ्याला सांगावं. ती वही नसती तर मेथी सत्ताविसाव्या दिवशी खुडली हे माझ्या लक्षात राहिलं नसतं.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा मी घाबरले होते. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके. जुन्या दातांच्या ब्रशने ते घासून काढले, मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी फवारणी, दर सहा दिवसांनी, चार वेळा. तरी तो परत येत होता. कारण सापडलं ते शिंक्यातच. भिंतीवरून हुकावर, हुकावरून दोरीने खाली, अशी मुंग्यांची रांग लागली होती, आणि मुंग्या या ढेकणांना गोड पाण्यासाठी सांभाळतात. हुकाला व्हॅसलीन लावलं, रांग थांबली आणि मगच ढेकूण आटोक्यात आला. शिंकं टांगताना हुकाला आधीच लावून ठेवा.

घरच्या खताला मी रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या वापरते, बाजूने भोकं पाडून. ओल्या कचऱ्याच्या एका थरावर सुक्या पाल्याचे दोन थर, अधूनमधून आंबट ताक. वास आला तर ओल जास्त झाली असं समजून पाला वाढवायचा. दोन महिन्यांत खत तयार होतं. घरच्या कुणाची तक्रार नाही.

बाटल्या रंगवणं, डब्यांवर चित्रं काढणं हेही केलं. पावसात रंग पापुद्र्यासारखा निघाला. घरात ठेवायच्या असतील तरच करा.

खर्चाचं सांगायचं तर सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत गेलं. त्यात निम्मा खर्च बॅगांचा आणि पहिल्या चुकांचा. भाजीच्या पैशात तो भरून निघतो का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. नाही निघत. आठवड्याला एक जुडी पालेभाजी, रोजच्या चहाला गवती चहा, चटणीला पुदिना, मुठीत मावतील एवढ्या मिरच्या. पण माझ्या गॅलरीतली मेथी खुडल्यापासून अर्ध्या तासात कढईत जाते, आणि तिची चव काय असते ते मला आधी माहीत नव्हतं.

परत घेईन का, तर काथ्या हो, घायपात हो, कोकोपीट धुवायची तयारी असेल तर हो, त्याच ग्रो बॅगा नाही. त्यांच्या जागी जुन्या गोधडीच्या कापडाची अस्तर लावलेली एक पिशवी सासूबाईंनी शिवून दिली आहे, तिच्यात अळू लावलं आहे. ती किती टिकते ते पावसाळ्यानंतर लिहीन.

या आठवड्यात तोंडलीच्या वेलाने आधार धरायचा तणावा काढला आणि तो नेमका त्या दुरुस्त केलेल्या शिंक्याच्या काथ्याला धरून वर निघाला. सुती पदर शेजारीच होता, त्याला सोडून त्याने खरखरीत काथ्या पकडला, दोन वेढे घट्ट घेतले. मी दोरी हलवली तरी सुटला नाही. पावसाआधी अजून तीन शिंकी व्हायला हवीत. काथ्या बादलीत भिजत घातला आहे.