टॅक्स रिटर्नचं सॉफ्टवेअर: सांगलीतल्या छोट्या ऑफिसात अख्खा सीझन वापरल्यावर

नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच सेल्सवाल्यांचे फोन नकोत. पण प्रकार सगळ्यांना माहितीय, इन्कम टॅक्स, जीएसटी, बॅलन्सशीट, बँकेसाठी सीएमए (कर्जाच्या फाइलला लागणारा आकड्यांचा अहवाल) सगळं एकात, डेस्कटॉपवर चालणारं, वर्षाचं लायसन. २०२५ च्या जूनमध्ये घेतलं, त्याआधी आमचं काम एक्सेल आणि डिपार्टमेंटच्या फुकटच्या युटिलिटीवर चालायचं. आता रिटर्नचा सीझन झाला, मधे जीएसटीचे रेट बदलले तेही यावरच काढलं, म्हणून म्हटलं लिहावं. मी सीए नाही, कर सल्लागार आहे, आणि माझ्या पार्ट्या म्हणजे गणपती पेठेतले दुकानदार, मार्केट यार्डातले हळदीचे अडते (शेतकऱ्याचा माल अडत म्हणजे कमिशन घेऊन विकणारे), तासगावकडचे बेदाणावाले, मिरजेचे ट्रकमालक, कुपवाडचे दोनचार जॉबवर्कवाले. मोठ्या कंपन्यांची कामं करणाऱ्यांना या रिव्ह्यूचा फारसा उपयोग नाही.

आधी जे आवडलं ते सांगते. क्लायंटचा पासवर्ड एकदा टाकला की २६एएस (कापलेल्या टॅक्सचा उतारा), एआयएस (डिपार्टमेंटकडे असलेली त्याच्या व्यवहारांची माहिती), प्रीफिल (आधीच भरून येणारे आकडे) सगळं आपोआप ओढून आणतं आणि पुस्तकातल्या आकड्याशेजारी लावून दाखवतं. हे एकटं फीचर पैसे वसूल करतं. आधी ऑफिसातली पोरगी एका एका पार्टीचं एआयएस उघडून पेनने टिक करत बसायची, आता प्रिंट काढून क्लायंटच्या हातात देतो, "ही एफडी कुणाची?" विचारलं की तो घरी फोन लावतो, आणि बायकोबरोबरची जॉइंट एफडी आठवते.

दुसरं म्हणजे ऊस. सांगलीत दुकानदार आहे पण शेती नाही असा माणूस शोधायला लागतो. आणि शेतीचं उत्पन्न ५ हजाराच्या वर गेलं की आयटीआर ४ (छोट्या धंद्यांचा सोपा रिटर्न फॉर्म) चालत नाही, हे नवीन पोरांच्या लक्षात राहत नाही. इथे शेतीचा आकडा टाकला की फॉर्म स्वतःहून आयटीआर ३ या मोठ्या फॉर्मवर जातो. ५ लाखाच्या वर गेला की जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची का खंडाने, पाण्याखालची का जिरायत, सगळं विचारतं आणि मागच्या वर्षीचं असेल तर भरूनच ठेवतं. याला पैकीच्या पैकी मार्क.

आता जिथे अडलं तिथे येते, आणि हे जरा सविस्तरच सांगायला पाहिजे कारण ज्यांच्याकडे यार्डातल्या पार्ट्या आहेत त्यांना हे येणारच.

या सॉफ्टवेअरला ४४एडी चं (छोट्या धंद्याचा नफा विक्रीच्या ठरावीक टक्क्याने धरायचं इन्कम टॅक्सचं कलम) भारी प्रेम आहे. टर्नओव्हर लिमिटमध्ये दिसला (२ कोटी, किंवा रोख जमा ५ टक्क्याच्या आत असेल तर ३ कोटी) की ते जीएसटी रिटर्नमधून विक्री उचलतं आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के लावून मोकळं होतं. किराणावाल्याला ठीक आहे. पण अडत्याचं बघा. तो शेतकऱ्याची हळद सौद्यात विकतो, बिल स्वतःच्या नावाने फाडतो, म्हणून जीएसटीत अख्खी विक्री त्याच्याच नावावर दिसते. वर खरेदीदार मोठा असेल तर इन्कम टॅक्सच्या १९४क्यू कलमाखाली ०.१ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) कापतो, म्हणजे एआयएसमध्ये पण तोच मोठा आकडा. सॉफ्टवेअरने एका अडत्याची विक्री १ कोटी ८० लाख धरली, सगळी बँकेतून, ६ टक्क्याने नफा १० लाख ८० हजार, नव्या रिजीममध्ये (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) टॅक्स ६४ हजार ४८० सेससकट. कॉम्प्युटेशन बघून तो माणूस खुर्चीतून उठायचाच राहिला. "मॅडम, माल माझा न्हाई ओ, शेतकऱ्याचा हाय. मला अडत सोडून काय गावतंय?" आणि बरोबरच आहे त्याचं. समजा अडत ३ टक्के धरली तर ती ५ लाख ४० हजार होते, त्यातून दिवाणजीचा पगार आणि गाळ्याचं भाडं जायचंय अजून. म्हणजे २०२४-२५ च्या ७ लाखाच्या रिबेटमध्ये (तेवढ्या उत्पन्नापर्यंत टॅक्स माफ) आरामात बसतो आणि टॅक्स शून्य.

मुळात ४४एडी त्याला लागूच नाही. कमिशन, दलाली कमावणारा आणि एजन्सीचा धंदा करणारा, दोघांनाही त्या कलमातून बाहेर ठेवलंय. आणि ऑडिटच्या लिमिटसाठी कच्च्या अडत्याची फक्त अडत मोजायची, पक्क्या अडत्याची पूर्ण विक्री, हे सीबीडीटीच्या (इन्कम टॅक्सचं केंद्रीय बोर्ड) १९८६ च्या सर्क्युलर ४५२ मध्ये स्वच्छ लिहिलंय. सर्क्युलर एवढं जुनं, पण आमच्या यार्डात रोज लागतं. माल मालकाच्या वतीने विकला (कच्चा) का स्वतः घेऊन पुढे विकला (पक्का), एवढाच प्रश्न. आणि ते कळतं पट्टीवरून, म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्या हिशेबाच्या चिठ्ठीवरून. मी फाइलला पट्ट्यांचे नमुने लावते, शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, खाली निव्वळ देणं. शेतकऱ्याला जेवढे आले तेवढेच दिलेत असं दिसलं की कच्चा अडत्या. आमच्याकडे बरेच जण दोन्ही करतात, भाव पडला की थोडा माल स्वतःच घेऊन ठेवतात, मग त्या पट्ट्या वेगळ्या काढायच्या आणि आयटीआर ३ मध्ये दोन धंदे दाखवायचे.

एवढं सगळं सॉफ्टवेअरने ओळखावं अशी माझी अपेक्षा नाहीच, पण धंद्याचा कोड कमिशन एजंटचा टाकल्यावर तरी ४४एडी चा टॅब लाल व्हायला पाहिजे का नको? होत नाही. कोड वेगळा, टॅब वेगळा, एकमेकांशी बोलणं नाही. सपोर्टला कळवलं, "फीडबॅक नोट किया है मॅडम", पुढे काही नाही.

याच्याच पोटातला दुसरा प्रकार, किराणा दुकान आणि वर विम्याची एजन्सी. असे लोक आपल्याकडे पैशाला पासरी. सॉफ्टवेअर दुकान ४४एडी मध्ये घेतं आणि विमा कमिशन इतर उत्पन्नात ढकलतं, रिटर्न व्हॅलिडेटही होतं. पण कलमाची भाषा धंद्याला नाही, माणसाला धरून आहे, कमिशन कमावणारी व्यक्ती म्हटलंय. सल्लागारांमध्ये यावर दोन मतं आहेत, मला माहितीय. मी जिथे कमिशन बऱ्यापैकी आहे तिथे वह्या लिहायला लावते आणि आयटीआर ३ करते, क्लायंट कुरकुरतो, कुरकुरू दे.

ट्रकवाल्यांचं ४४एई चं (गाडीमागे ठरावीक नफा धरायचं कलम) स्क्रीन मात्र झकास केलंय. गाडीवार नंबर, वजन, किती महिने मालकीची, सगळं. १२ टनाच्या वरच्या गाडीला ग्रॉस वजनाच्या प्रत्येक टनाला महिन्याला १ हजार, म्हणजे साडेअठरा टनी गाडीचे वर्षाला २ लाख २२ हजार, आणि लहान गाडीला महिन्याला साडेसात हजार. महिन्यात एक दिवस जरी गाडी असली तरी अख्खा महिना धरतं, जे बरोबर आहे. दहाच्या वर गाडी टाकायला गेलं की अडवतं. डिझेल, ड्रायव्हर, हप्त्याचं व्याज यातलं काही वेगळं मिळणार नाही हे मिरजेच्या मालकांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं, त्याला सॉफ्टवेअर काय करणार. एक बारीक खोट आहे, अॅडव्हान्स टॅक्सचा रिमाइंडर. ४४एडी वाल्याला १५ मार्चला एकदम भरला तरी चालतो, पण ती सवलत ४४एई ला नाही, त्यांना चार हप्तेच. यांनी सगळ्या प्रिझम्प्टिव्हवाल्यांना (असा ठरावीक नफा दाखवणाऱ्यांना) मार्चच लावलाय. आम्ही रिमाइंडर बंद करून भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहितो.

जीएसटीचा भाग. टॅलीतून एक्सेल काढून टाकायचं, २बी शी (विकणाऱ्यांच्या रिटर्नवरून पोर्टल बनवतं ती खरेदीची यादी) मॅचिंग छान होतं, एकाच बिलाचा नंबर थोडा वेगळा लिहिलेला असेल तरी ओळखतं. क्यूआरएमपीवाल्यांच्या, म्हणजे रिटर्न तिमाही पण टॅक्स दरमहा भरणाऱ्यांच्या तारखा (मधल्या महिन्यांच्या बिलांचा आयएफएफ १३, टॅक्स भरायच्या पीएमटी ०६ ची २५, आपल्याकडे तिमाही ३बी रिटर्नची २२) डॅशबोर्डवर रंगात दिसतात. पण बेदाणा व्यापाऱ्याची खरेदी टाकली की बिनजीएसटीवाल्या शेतकऱ्यांच्या सगळ्या ओळी आरसीएममध्ये (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने जीएसटी भरायचा) नेऊन टाकतं. अरे बाबा, बिननोंदणीवाल्याकडून घेतलं की आरसीएम हा नियम आता फक्त बिल्डर प्रमोटरपुरता उरलाय, आणि ज्या मालावर आरसीएम आहे त्याची यादी ठरलेली आहे, तंबाखूची पानं, कच्चा कापूस, टरफलासकट काजू वगैरे, त्यात बेदाणा कुठंय? उलट डिसेंबर २०२४ च्या ५५ व्या कौन्सिल मीटिंगमध्ये शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही असा खुलासा करायचं ठरलं. व्यापाऱ्याने पुढे विकला की ५ टक्के. सेटिंगमध्ये एक टिक काढली की हे थांबतं, पण ती टिक प्रत्येक पार्टीला वेगळी काढायची.

सप्टेंबर २०२५ चं तर विचारूच नका. रिटर्नची तारीख १५ सप्टेंबर होती ती शेवटच्या क्षणी १६ झाली, श्वास घेतोय तोवर २२ तारखेपासून नवे रेट. रेट मास्टरचा अपडेट वेळेत आला, ते मान्य. गोची झाली क्रेडिट नोटची. दिवाळीआधी माल परत आला, मूळ बिल जुन्या रेटचं, तर क्रेडिट नोट पण जुन्याच रेटने पाहिजे, पण हे क्रेडिट नोटची तारीख बघून नवा रेट लावायचं. पुढच्या अपडेटमध्ये सुधारलं, तोवर हाताने. आणि स्टेशनरीवाला! वह्या १२ टक्क्यावरून शून्यावर गेल्या. नुसता रेट कमी झाला असता तर आयटीसी (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) राहिली असती, साबण बिस्किटवाल्यांची राहिलीच, पण वही करमुक्त झाली म्हटल्यावर २१ तारखेच्या रात्री दुकानात असलेल्या वह्यांची आयटीसी उलटवावी लागते. दुकानदाराला वाटलं टॅक्स गेला म्हणजे सुटलो. त्याला गठ्ठे मोजायला बसवलं. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी काही नाही, एक्सेलवरच काढलं.

भागीदारी फर्मवाल्यांनी आत्ताच ऐकून घ्या. १९४टी हे टीडीएसचं कलम, एप्रिल २०२५ पासून. भागीदाराला पगार, व्याज, कमिशन मिळून वर्षात २० हजाराच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस, आणि पैसे हातात दिले पाहिजेत असं नाही, कॅपिटल खात्याला जमा केले तरी लागतो. नफ्यातल्या वाट्याला नाही. दोन भावांची फर्म, आयुष्यात कधी टॅन (टीडीएस भरायला लागणारा नंबर) काढला नाही, त्यांना हे पटवायला दोन चहा जातात. ३१ मार्चला जमाखर्च टाकणारे असाल तर टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरा, रिटर्न लेट झालं तर रोजचे २०० रुपये. आता गंमत, सॉफ्टवेअर फर्मच्या कॉम्प्युटेशनमध्ये भागीदारांचा पगार, व्याज काढून देतं (पहिल्या ६ लाखावर ९० टक्के किंवा ३ लाख, पुढे ६० टक्के, सगळं बरोबर), पण टीडीएस मॉड्यूल वेगळं विकत घ्यायचं. खरेदीच्या वेळी "सब कुछ इन्क्लुडेड" होतं.

जुनी रिजीम का नवी, हे तुलनेचं बटण क्लायंटला फार आवडतं. स्क्रीन फिरवून दाखवलं की खूश. पण जुनी चार हजाराने स्वस्त एवढंच ते सांगतं. धंद्याचं उत्पन्न असलेल्याला त्यासाठी १०आयईए हा फॉर्म मुदतीत भरावा लागतो आणि एकदा जुन्यात जाऊन परत नव्यात आला की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुन्यात जाता येत नाही, हे कुठेच येत नाही. चार हजारासाठी ती एकमेव संधी वापरायची का? २०२५-२६ पासून नव्या रिजीममध्ये १२ लाखापर्यंत टॅक्सच नाही म्हटल्यावर बहुतेकांना मी नकोच म्हटलं.

बाकी किरकोळ. लायसन एकाच मशीनला बांधलेलं, मशीन बदललं तर फोन करा, आणि तारखेच्या आठवड्यात फोन लागत नाही. मराठी नावं प्रिंटमध्ये फुटतात, जोडाक्षरांची वाट लागते, त्यामुळे पतसंस्थेला द्यायचं पत्र वर्डमध्येच. बॅकअप आपोआप ऑनलाइन जातो हे मात्र आमच्यासारख्या तळमजल्यावरच्या ऑफिसला फार मोठं आहे, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेने काय केलं ते सांगलीत कुणाला सांगायला नको. सीएमए पण बरा, मुद्रा लोनच्या फाइल पटापट निघतात.

किंमत एका बऱ्या पार्टीच्या वर्षाच्या फीमध्ये बसते, त्यामुळे मी रिन्यू करणार आहे, टीडीएस मॉड्यूल न घेता. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, त्यात कलमांचे नंबर सगळे वेगळे (वर लिहिलेले जुन्या कायद्यातले), त्याचा पहिला अपडेट कसा येतो ते बघायचंय. घेणार असाल तर डेमोवाल्याला त्याचा सॅम्पल डेटा दाखवू देऊ नका, तुमच्याकडचा एक अडत्या, एक फर्म आणि एक ऊसवाला दुकानदार, तिघांचा डेटा त्याच्यासमोर टाकायला लावा आणि मग पैशाचं बोला.