साडेपाच हजारांचं एअर पिस्तूल, साडेपाच हजार छर्रे

२०२४च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, पाने-पक्कडी, मल्टिमीटर आणि रिवाइंडिंगच्या मशीनशेजारी पूजेत एक नवं हत्यार मांडलं होतं. देशी बनावटीचं, नळी खाली मोडून कॉक करायचं (म्हणजे आतली स्प्रिंग दाबून सज्ज करायचं), स्प्रिंगचं एअर पिस्तूल. आईने सगळ्या हत्यारांना लावलं तसं त्यालाही ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं. चार दिवसांनी पुसायला घेतलं तर त्या बोटाखाली नळीवर गंजाचा डाग. रंग किती पातळ दिलाय ते त्या दिवशीच कळलं.

मी अमळनेरला मोटारी रिवाइंड करतो, सबमर्सिबल पंप खोलतो. नेमबाजीशी माझा संबंध नव्हता. २८ जुलै २०२४ला मनू भाकरने पॅरिसमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य जिंकलं, ते पोरीने मोबाइलवर पाहिलं आणि घरात विषय सुरू झाला. नववीत आहे ती. मॅचचं, म्हणजे स्पर्धेचं, परदेशी पिस्तूल दीड-दोन लाखांचं, तेवढे पैसे नाहीत, आणि पोरीचा नाद चार महिने टिकेल का चार वर्षं, हेही ठाऊक नाही. म्हणून साडेपाच हजारांचं हे घेतलं. ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचं भोक) आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. माझं पिस्तूल त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. तरी दुकानातून ओळखपत्र देऊन, पावती घेऊनच घ्या, आणि चिमण्या-कबुतरांवर चालवायला घेत असाल तर पुढचं वाचूच नका.

कंपनी कोणती, हे जो तो विचारतो. मुद्दाम सांगत नाही. माझ्या मित्राने त्याच मॉडेलचं महिनाभराने घेतलं, त्याची नळी बिजागरीत हलत होती, माझी हलत नव्हती. स्वस्त मालात नावापेक्षा हातात आलेला नग बघावा लागतो. पंपाच्या धंद्यात मी हेच गिऱ्हाइकाला वीस वर्षं सांगतोय.

पहिले तीन आठवडे नुसता वैताग. वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेप लावून १० मीटर मोजले, कागद १.४ मीटर उंचीवर टांगला. मागे तिरपी बसवलेली लोखंडी पाटी, तिच्यापुढे जुनी बारदानं, म्हणजे छर्रा उलटून येऊ नये. तरी चष्मा घातल्याशिवाय शेडमध्ये कोणाला येऊ देत नाही. एवढं सगळं करून छर्रे कुठे जायचे? एक वर, एक डावीकडे, एक कागदालाच नाही. पोरगी रडकुंडीला आली. मी पिस्तुलाला शिव्या घातल्या आणि परत करायचं ठरवलं.

तेव्हा शेजारचे काका मदतीला आले. वरणगावच्या आयुध निर्माणीत त्यांचा जन्म गेला, काम तपासणी विभागात. त्यांनी कागद हातात धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "छर्रे कोणत्या लॉटचे?" मला काय माहीत! डबी कधीच फेकली होती. काका म्हणाले, "मग भो, तू पिस्तूल तपासतच नाहीयेस. हात, छर्रे आणि हत्यार, तिघांनी चोरी केली आणि तू एकाला धरलंयस. एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि लिही."

दोनशे पानी वही आणली. तारीख, वेळ, कोणाचा हात, कोणती डबी, पाच छऱ्यांमधलं सगळ्यात लांबचं अंतर मिलिमीटरमध्ये. त्या पाचांच्या झुबक्याला गट म्हणतात. आज ती वही भरत आली आहे. हा लेख म्हणजे बराचसा तिचाच उतारा.

आधी हात वेगळा काढला. दादर ज्वारीच्या दोन किलोच्या दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि मनगट त्यांवर टेकवलं. पिस्तूल पिशवीला लावायचं नाही, ते हातातच हवं. स्प्रिंगचं पिस्तूल छर्रा नळीत असतानाच हिसका देतं, कारण दट्ट्या पुढे जाऊन आपटतो. त्याला टणक टेकू दिला की ते तिथून उसळतं आणि गट भलतीकडेच जातो. मूठ सैल, रोज तेवढीच सैल. एवढ्यावर ९० मिलिमीटरचा पसारा ६०वर आला.

मग छर्रे. दुकानदाराने दिलेली स्वस्त डबी पांढऱ्या कागदावर ओतली तर पन्नासातले सात-आठ घेराला दबलेले, काहींवर शिशाचं कुसळ. सोनाराच्या छोट्या काट्यावर वजन केलं, दोन छऱ्यांत फरक इतका की काट्यालाच संशय यावा. मॅचचे चपट्या डोक्याचे छर्रे मागवले, साधारण अर्ध्या ग्रॅमचे. किंमत दुप्पट, पण कागदावर गोल भोक पडतं आणि मोजायला सोपं जातं. गट ४२वर आला. म्हणजे महिनाभर मी ज्या पिस्तुलाला शिव्या देत होतो त्याचा गुन्हा निम्म्याहून कमी होता.

उरलेल्यात मात्र पिस्तूल दोषीच निघालं. हे यंत्र समजायला सोपं आहे. स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा बारक्या भोकातून छऱ्याच्या बुडाशी जाते. माझ्या पिस्तुलात दट्ट्याच्या तोंडाला चामड्याचा वॉशर आहे, हापशीच्या वॉशरचा धाकटा भाऊच. आणि नळी जिथे मिटते तिथे एक ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी. हवा गळते ती या दोन जागांतून. ओ-रिंग तपासायला आपल्याकडे कापसाला तोटा नाही. सरकी काढलेल्या कापसाची चिमूट जोडावर ठेवायची आणि छर्रा मारायचा. कापूस जागेवर राहिला तर ठीक. माझा उडून थेट बेंचखाली गेला. पंपाच्या ओ-रिंगांच्या डब्यात त्याच मापाची सापडली, थोडी जाड. बसवली आणि त्या संध्याकाळी वहीत पहिल्यांदा ३६ आकडा लिहिला.

दुसरा दोष स्क्रूंचा. प्रत्येक छऱ्याला हिसका, प्रत्येक हिसक्याला स्क्रू केसभर सैल. शंभर-सव्वाशे छऱ्यांनंतर मागची माशी (नेम धरायची खाच) हलायला लागायची आणि आम्ही माशी फिरवत बसायचो. स्क्रू घट्ट केले आणि डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब दिला. सैल झाला की रंगाला तडा जातो, लगेच दिसतं. बायकोने बाटली हातातून काढून घेतली, "मन्ही नेलपॉलिश त्या बंदूकले कसाले लावतस?" आता वर्कशॉपमध्ये वेगळी बाटली आहे, लाल.

तेलाच्या बाबतीत मी शहाणा असून मूर्खपणा केला. मार्चमध्ये आवाज कोरडा वाटला म्हणून हवेच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडलं, चांगलं पाच-सहा थेंब. मग आला एप्रिल. पत्र्याची शेड, बाहेर ४४ अंश, आतलं ग्रीस पातळ होऊन पुढे सरकलेलं. एका दुपारी फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, नळीतून निळसर धूर आणि छर्रा हातभर वर. डिझेल इंजिनात होतं तेच. दाबाने हवा तापते आणि तेल पेटतं. दोन-चारदा होऊ दिलं तर वॉशर जळतो, स्प्रिंग तुटते. खोलून सगळं पुसलं. आता आत सिलिकॉन तेलाचे दोन थेंब, तेही हजार छऱ्यांनी एकदा. बाहेरून मात्र रोज, जुन्या बनियनच्या फडक्याला मशीनचं तेल लावून. आपल्याकडे पाऊस कमी, पण हाताचा घाम काही कमी नाही. गंज घामानेच येतो. उन्हाळ्यात पिस्तूल गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि आम्ही सराव सकाळी साडेसहाला नेला, त्याने पिस्तुलापेक्षा पोरीला बरं वाटलं.

रिकामं कधीच मारायचं नाही. छर्रा नसला की दट्ट्यापुढे हवेची गादी राहत नाही, लोखंडावर लोखंड आपटतं. कॉक करून ठेवून जेवायला जायचं नाही, स्प्रिंग बसते. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी धरूनच ठेवायची. हा शेवटचा नियम मी भाच्यामुळे शिकलो. नळी मोडलेली असताना त्याने घोडा ओढला, नळी सापळ्यासारखी मिटली. बोट थोडक्यात वाचलं. नळी मात्र किंचित वर वाकली, माशी पार खाली आणून भागवावं लागतंय. आणि शिसं हाताला लागतं. साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही, हे पोरीला पहिल्या दिवसापासून सांगितलंय.

घोड्याबद्दल चांगलं काही लिहिता येत नाही. सामान मोजायचा हुकाचा काटा घोड्याला अडकवून, नळी बारदानाकडे ठेवून ओढला तर २ किलो ३०० ग्रॅमला सुटतो. मॅचच्या पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमचा नियम आहे. पोरीने जिल्ह्याच्या क्लबात पहिल्यांदा मॅचचं पिस्तूल हातात घेतलं आणि फोनवर म्हणाली, "पप्पा, हे तर नुसतं मनात आणलं की सुटतं!" घरच्या ओढाओढीने तिची पकड पक्की झाली हे खरं, पण घोडा खेचायची खोड मोडायला तिथल्या सरांना महिना लागला. घासून हलका करता येईल, मला जमेलही. केला नाही. कॉक केलेला घोडा धक्क्याने सुटायला लागला तर?

इथे मामांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मामा यावलकडे केळीवाले, त्यांच्याकडे परवान्याची देशी .३२ रिव्हॉल्व्हर, सहा घरांची. विधानसभेच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा केली, निकालानंतर परत आणली ती फडक्यात गुंडाळलेली, तेल सुकलेलं, चाकावर लालसर छटा. मला म्हणाले, बघ जरा. मी हात लावला नाही, परवाना त्यांचा आहे, माझा नाही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या म्हटलं. मग सहज विचारलं, "मामा, शेवटची गोळी कधी झाडली?" मामा बराच वेळ आठवत बसले. "तुझं लग्न व्हायचं होतं." गोळ्या मोजून मिळतात, महाग असतात, झाडायला रेंज लागते, त्यामुळे बहुतेकांचं असंच असतं. लाखाच्या घरातलं हत्यार, त्यावर पूर्ण भरवसा, आणि वहीत एक ओळ नाही. माझ्या खेळण्याचं मात्र मी सांगू शकतो की साडेपाच हजार छऱ्यांत अकरा वेळा घोडा अडकला, त्यातले नऊ एकाच आठवड्यात, कारण आत बारदानाचा धागा गेला होता.

मग घ्यावं का? १० मीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, काळा भाग ५९.५चा. माझ्या पिस्तुलाचा सगळ्यात चांगला गट ३१, रोजचा ३६च्या आसपास. म्हणजे हात देवाचा असला तरी दहा ठरवून लागणार नाहीत, पण सगळे काळ्यात राहतील. स्पर्धेला हे नेऊ नका. घरी उभं राहायला, श्वास धरायला, माशी बघायला शिकायचं असेल आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरता येत असेल तर पैसे वसूल. ज्यांना दुकानातून आणलं तसं दहा वर्षं चालावं असं वाटतं, त्यांनी यात पडू नये. लहान पोरांना कॉक करायला जडही जातं, आमचीला दोन महिने मीच करून द्यायचो.

जुलै लागल्यापासून ताकद उतरली आहे. रद्दी पेपरच्या गठ्ठ्यात छर्रा किती पानं भेदतो ते दर महिन्याला मोजतो. ऑक्टोबरपेक्षा सहा पानं कमी भरली. स्प्रिंग बसली असणार. साडेतीनशेची नवी आणली आणि परवा व्हाइसमध्ये (बेंचवरच्या शिकंज्यात) पिस्तूल धरून खोलायच्या तयारीत होतो. (हे घरी करू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर डोळा जाईल.) पोरगी शाळेच्या दप्तरासकट शेडमध्ये आली आणि पान्यावर हात ठेवला. "थांबा पप्पा. आधी जुन्या स्प्रिंगवर पाच मारते. तुम्ही तारीख टाका."