चर्चच्या शाळेतली पहिली टर्म आणि शाळेचं ॲप: चार महिन्यांनंतर

लेक सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला (इंग्लंडमधल्या शाळेचा पहिला वर्ग) लागली तेव्हाच लिहिणार होते, पण म्हटलं एक टर्म पूर्ण होऊ दे. आज बसले, कारण नेटिव्हिटीच्या, म्हणजे मुलांच्या येशूजन्माच्या नाटकाच्या, दुपारच्या प्रयोगाची तिकिटं ॲपवर सव्वादोनला खुली झाली, चारपर्यंत संपली आणि मला ते रात्री साडेआठला कळलं. लेकीला मेंढराचं काम होतं. तीन आठवडे ती घरभर कापूस लावलेले कान घालून फिरत होती.

ॲपचं नाव देत नाही. इंग्लंडमधल्या शाळांत चालतात त्यातलंच एक आहे. न्यूजलेटर, ट्रिपचे पैसे, क्लबचं बुकिंग, सगळं त्यातच. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. निरोप वाजतो तो फक्त 'पहिल्या संपर्का'च्या फोनवर. प्रवेशाचा अर्ज नवऱ्याने भरला म्हणून पहिला संपर्क तो. तो गोदामात कामाला, शिफ्टभर फोन लॉकरमध्ये. गेटवर सोडायला मी, आणायलाही मीच, आणि माझा फोन गप्प.

पहिला फटका हार्वेस्ट फेस्टिव्हलला, म्हणजे सुगीच्या सणाला, बसला. सप्टेंबरअखेर सगळी शाळा रांगेने शेजारच्या चर्चमध्ये जाते, प्रत्येक मूल एक डबा किंवा पाकीट नेऊन वेदीपाशी ठेवतं आणि ते सगळं नंतर फूड बँकेला, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राला, जातं. न्यूजलेटरच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती, ती माझ्या नजरेतून सुटली, ती चूक माझी. पण आदल्या संध्याकाळची आठवण नवऱ्याच्या लॉकरमध्ये वाजली. मी मागच्या बाकावर बसले होते. वर्गात एकटी माझी मुलगी रिकाम्या हाताने चालत आली. शिक्षिकेने पटकन टोपलीतला बीन्सचा डबा तिच्या हातात दिला, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पण घरी कपाटात टोमॅटोचे आणि छोल्यांचे सहा डबे होते. चार वर्षांच्या पोरीला देण्याची संधी होती आणि ती एका सेटिंगमुळे गेली, हे मला अजून टोचतं.

मग पत्रव्यवहार. ॲपवाले म्हणाले सेटिंग शाळेकडे असते. शाळा म्हणाली आम्हाला तसा पर्याय दिसत नाही. पाच ईमेल, तीन आठवडे. शेवटी हाफ टर्मनंतर (टर्मच्या मधली सुट्टी) ऑफिसातल्या बाईंनी मला शेजारी बसवून लेकीची नोंद उघडली. प्रत्येक संपर्कापुढे निरोपांची वेगळी चौकट होती. टिक केली, दोन मिनिटांत काम झालं.

ॲपची ही तक्रार मी नोव्हेंबरातच टिपून ठेवली होती आणि खाली दोन स्टार दिले होते. मग ते चार केले, कारण नोव्हेंबर खरंच सुरळीत गेला. युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाची ११ नोव्हेंबरची पॉपी (लाल फुलाचा बिल्ला) आणि अकरा वाजताची दोन मिनिटांची शांतता, अँटी-बुलिंग वीकमधले (दादागिरीविरोधी आठवडा) वेगवेगळे मोजे, चिल्ड्रन इन नीड या मुलांसाठीच्या निधीचा दिवस, प्रत्येक वेळी आदल्या रात्री माझा फोन वाजला. नंतर ॲपचं अपडेट आलं, लॉग-इन पुसलं गेलं आणि सूचना आपोआप बंद झाल्या. सांगितलं कुणीच नाही. तिकिटं गेली ती अशी. आता परत दोन.

शाळेला मात्र हे स्टार लावू नका. प्रवेश घेताना मला धास्ती होती ती धर्माची. रोज प्रार्थनासभा असते. इंग्लंडमध्ये ती कायद्यानेच आहे, आणि पालक कारण न सांगता मुलाला त्यातून वगळू शकतात. मी ते पत्र लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही. बुधवारी व्हिकर (चर्चचे धर्मगुरू) येतात, गोष्ट सांगतात, मुलांना प्रश्न विचारू देतात. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजनासाठी एक दिवस मागितला, तर धार्मिक कारणाची रजा म्हणून सरळ मिळाला. (गैरहजेरीच्या दंडाला घाबरणाऱ्यांसाठी: पाच वर्षं पूर्ण झाल्यानंतरची टर्म लागेपर्यंत शाळा कायद्याने सक्तीची नसतेच.) उलट शिक्षिकेने पणत्या आणायला सांगितल्या आणि लेकीने वर्गाला रांगोळी काढून दाखवली.

आणि क्रिस्टिंगल, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत मुलं हातात धरतात ते सजवलेलं संत्रं. हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं. एक संत्रं म्हणजे जग. भोवती लाल फीत, ती ख्रिस्ताच्या रक्ताची. चार काड्यांवर बेदाणे आणि गोळ्या, ते चार ऋतू आणि जमिनीची फळं. मधोमध मेणबत्ती, जगाचा प्रकाश. पद्धत जर्मनीतल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाची, १७४७ची. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ती १९६८ साली चिल्ड्रन्स सोसायटी या संस्थेने आणली, गरजू मुलांसाठी पैसे जमवायला. रिसेप्शनच्या मुलांना मेणबत्तीऐवजी चमकणारी कांडी दिली होती. चर्चमधले दिवे मालवले तेव्हा त्या अंधारात तीस संत्री उजळलेली दिसली आणि माझा घसा दाटला. लेकीने घरी येऊन एकेका काडीचा अर्थ सांगितला आणि ते संत्रं देवघरात समईशेजारी ठेवलं. मी ते चार दिवस हलवलं नाही.

खर्चाचं थोडक्यात: रिसेप्शन ते इयर टू (पहिली तीन वर्षं) दुपारचं जेवण फुकट असतं, तेवढी बचत. लोगोवाला नवा कार्डिगन घेऊ नका. पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) टेबलावर एका पाउंडाला जुना मिळाला, बाही जरा लांब आहे एवढंच.

नेटिव्हिटीचं शेवटी असं झालं की ऑफिसातल्या त्याच बाईंनी मला सोमवारच्या रंगीत तालमीला बसवलं. अर्धा दिवस बिनपगारी गेला. लेक गोठ्याच्या कडेला बसली होती, मला पाहून हात हलवला आणि मग आठवण झाल्यासारखी पुन्हा मान खाली घालून मेंढरू झाली. नवऱ्याला मात्र पाहता आलं नाही.

पुढच्या सप्टेंबरसाठी अर्ज करणार असाल तर मुदत १५ जानेवारी आहे. चर्चच्या काही शाळांत चर्चला जाणाऱ्यांना आधी जागा देतात, आमच्या शाळेत ती अट नव्हती. प्रवेशाचे नियम वाचून घ्या. शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात एवढं नक्की विचारा, निरोप दोन्ही पालकांना जातात का, आणि तिथे उभं राहूनच एक चाचणी निरोप पाठवायला सांगा. आमच्याकडे न्यूजलेटरची छापील प्रत चर्चच्या दारातल्या फळ्यावर लागते. आता दर शुक्रवारी लेकीला घेताना मी त्या प्रतीचा फोटो काढते, तिसऱ्या पानासकट.