पैसे वाफेचे घेतले आणि केली टीयूआरपी

मी ६१ वर्षांचा, राहणार सातारा. रात्रीत चार-पाच वेळा उठावं लागायचं, सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढून ४६ ग्रॅम निघाली, त्यासाठीची टॅमसुलोसिन गोळी घेतली तर चक्कर यायची. मग मोबाईलवर जाहिरात दिसली, विना ऑपरेशन, वाफेने प्रोस्टेट, त्याच दिवशी घरी. नंबर टाकला नाही तोच एका मॅडमचा फोन, काका काका करत, गाडी पाठवते म्हणे.

आता वाफेची ट्रीटमेंट खोटी नाही बरं का, रेझूम म्हणतात तिला. सुईतून ग्रंथीत वाफ सोडतात, एका वेळी ९ सेकंद, काही कापून काढत नाहीत, पुढच्या काही आठवड्यांत ग्रंथी आपोआप आकसते. मला तीच हवी होती कारण टीयूआरपीनंतर, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून प्रोस्टेट आतून कापून काढतात त्या ऑपरेशननंतर, बऱ्याच जणांचं वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं, वाफेत तो त्रास खूप कमी. लाजायचं काय, खरं कारण हेच.

पुण्यातल्या हॉस्पिटलात १ लाख ८५ हजार सांगितले, निम्मे आधीच. डॉक्टर दोन मिनिटं भेटले. सकाळी ऑपरेशनच्या कपड्यांत बसवून इंग्रजी फॉर्म पुढे केले, चष्मा बायकोकडे, मी दिल्या सह्या ठोकून. नंतर दोन दिवस मोठाल्या पिशव्या लावून आत पाणी सोडत होते, नळीतून लालभडक येत होतं, विचारलं तर "होतं काका असं".

लघवी मोकळी झाली, खोटं कशाला बोलू. पण बाकीचं जे व्हायला नको होतं तेच झालं. क्लेमचे कागद लावताना मेडिकल दुकानवाल्या चुलतभावाला लॅबचं बिल दिसलं, प्रोस्टेट चिप्स १८ ग्रॅम. म्हणाला, दादा, वाफेत तुकडे निघतील कुठून? डिस्चार्ज कार्डावर बघतो तर चक्क टीयूआरपी. वाफेचं यंत्र एकदाच वापरायचं असतं, त्याचा स्टिकर फाईलला लागतो, तोही नाही.

हॉस्पिटलात फोन केला तर म्हणे डॉक्टरांनी आत गेल्यावर निर्णय बदलला. अहो मग पैसे वाफेचे का? टीयूआरपी इथेच ७० हजारांत झाली असती. तुम्ही जाणार असाल तर कोटेशनवर आणि संमतीवर प्रोसिजरचं नाव मराठीत लिहून घ्या, तेही आदल्या दिवशी, आणि गाठ डॉक्टरशी घाला, मॅडमशी नाही.

फाईल लेखी मागितली की ७२ तासांत द्यावी लागते, मला १९ दिवसांनी मिळाली, त्यात ऑपरेशन नोटचं पानच गायब. ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. मॅडमचा नंबर बंद आहे, जाहिरात मात्र कालच मेव्हण्याला दिसली.